कानाआड

फाउंड्रीत माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे संग्राम इंगवलेनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. भट्ट्यांची घरघर, साचे फोडणाऱ्या यंत्राचे दणके, डोक्यावरून जाणारी क्रेन, या सगळ्यात त्याचा उजवा कान निम्मा कामातून गेला होता आणि घशाची तर कायमचीच वाट लागली होती. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात तो भट्टी विभागाचा प्रमुख होता. त्यामुळे कारखान्यात श्रवणक आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला.

श्रवणक म्हणजे हरभऱ्याएवढी वस्तू, दोन्ही कानांत एकेक बसवायची. कामगार त्याला 'मणी' म्हणत. बाहेरचा गोंगाट तो अडवत असे, पण तेवढं तर कापसाचा बोळाही करतो. मण्याची खरी करामत वेगळी होती. चार माणसांच्या गलक्यात आपण एकाचंच बोलणं मन लावून ऐकतो, तेव्हा मेंदूतल्या विजेच्या लहरी त्या एका आवाजाच्या चढउतारांबरोबर ताल धरतात. बाकीच्या तिघांबरोबर धरत नाहीत. या लहरी फार क्षीण असतात, पण कानाच्या आतल्या कातडीवर त्या पकडता येतात. मणी त्या पकडायचा, आजूबाजूच्या प्रत्येक आवाजाशी ताडून पाहायचा, ज्याच्याशी मेळ बसेल तो आवाज मोठा करायचा आणि बाकीचे खाली उतरवायचा. कोणाचं ऐकायचंय हे तुम्ही तोंडानं सांगायची गरज नव्हती. तुमचं डोकंच ते सांगत असे.

शिवाय तो शिकत असे. सुरुवातीला त्याला दोन-तीन वाक्यं लागत. पुढं पुढं त्याला तुमच्या सवयी कळत, आणि समोरच्यानं तोंड उघडताच त्याचा आवाज वर न्यायचा की खाली, हे तो आधीच ठरवून मोकळा होई. भोंगे आणि धोक्याच्या घंटा तेवढ्या कसलीही काटछाट न होता थेट आत येत.

"डोक्यातली कटकट गेली बघ," संग्राम घरी बायकोला, शैलजाला, म्हणाला. "ज्याचं काम आहे तेवढ्याचंच ऐकू येतं."

त्याच्या विभागात दोन इंजिनिअर होते. जयदीपकडे उत्पादन होतं आणि उत्पला बनसोडेकडे भट्ट्यांची सुरक्षा. जयदीपला संग्राम 'जयद्या' म्हणे, पाठीवर थाप मारी, रविवारी घरी जेवायला बोलावी. उत्पलाला तो 'बनसोडे मॅडम' म्हणत असे. तिच्याशी तो कधी वावगं बोलला नव्हता आणि दुसऱ्या कुणी बोललेलं त्यानं खपवूनही घेतलं नसतं. आडनावावरून माणूस जोखायचे दिवस गेले, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ते त्याला मनापासून वाटायचं.

एका बैठकीत उत्पला म्हणाली होती, की भंगार ओलं येतंय, भट्टीत टाकण्याआधी ते वाळवायची सोय करायला हवी. थोड्या वेळानं तेच जयदीप बोलला. संग्राम टेबलावर हात आपटून म्हणाला, "शाब्बास! हे बाकी कुणाच्या डोक्यात आलं नाही." बैठकीत दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघितलं. उत्पलानं पेनाला टोपण लावलं. संग्रामच्या लक्षात राहिलं ते इतकंच, की या बाई बैठकीत फारशा बोलत नाहीत. त्यानं तिला बाहेर गाठून तसं सांगितलंही.

"मॅडम, एवढं शिकलात, जरा पुढं होऊन बोलत जा की."

ती त्याच्याकडं पाहत राहिली, मग काहीतरी म्हणाली. तिनं होकार दिला असं समजून संग्रामनं मान डोलावली आणि तो पुढं गेला.

अपघात झाला तो दिवस गडबडीचा होता. निर्यातीचा माल जायचा होता, ट्रक दारात उभा होता आणि सगळा भार दोन नंबरच्या भट्टीवर होता. विजेच्या भट्टीला आतून जाड अस्तर असतं. त्याच्या बाहेर तांब्याच्या नळीची वेटोळी असतात आणि त्या नळीतून सतत पाणी खेळत असतं. रसरसलेलं लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये काय ते अस्तर. ते झिजलं, त्याला भेग गेली, की विजेची गळती दाखवणारा काटा चढू लागतो. काटा लाल रेघेवर गेला की भोंगा वाजतो. पण जाणतं माणूस भोंग्याची वाट बघत नाही, काटा कसा चढतोय ते बघतं.

दुपारच्या जेवणानंतर भट्टीत पुन्हा लोखंड भरलं. भोंगा वाजला तेव्हा उशीर झालेला होता. धातू अस्तर फोडून बाहेर आला, पाण्याला भिडला आणि स्फोट झाला. भट्टीवरचा जुना कामगार बसाप्पा तेवढा जवळ होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या, कुलभूषण साहेबांच्या, केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं गेलं.

"मी सरांना तीनदा सांगितलं होतं," उत्पला म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नीट होते. "सकाळच्या बैठकीत, मग भट्टीपाशी, मग कॅन्टीनच्या दारात. काटा चढतोय, अस्तर गेलंय, पुढचं लोखंड भरू नका."

"मला कुणीही काही सांगितलेलं नाही," संग्राम म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आदल्या दिवशीचा प्रत्येक क्षण त्यानं रात्रभर आठवून पाहिला होता आणि त्यात हे वाक्य कुठंही नव्हतं.

केबिनमध्ये नीट ऐकू यावं म्हणून मालकांनी सगळ्यांना मणी चालू ठेवू नका असं सांगितलं होतं. संग्रामनं मात्र सवयीनं ते कानात चालूच राहू दिले होते. उत्पलाचं बोलणं त्याला पुसट येत होतं. ती घाबरून पुटपुटतेय, असं त्याला वाटलं.

जयदीपला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बैठकीत मॅडम काहीतरी बोलल्या असतील, सर. नक्की आठवत नाही."

उत्पलाला कामावरून थांबवण्यात आलं. जाताना ती संग्रामसमोर उभी राहिली. "सर, मी सांगत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत होता," एवढंच म्हणाली आणि गेली. हे वाक्य मात्र, तिच्या ओठांवर नजर असल्यामुळे, त्याला कळलं. माणूस इतकं धडधडीत खोटं कसं बोलू शकतो, या विचारानं त्याचं डोकं तापलं.

"असल्या लोकांना एकदा डोक्यावर बसवलं ना साहेब..." तो म्हणाला आणि थांबला. कुलभूषण साहेबांनी मान डोलावली. असल्या म्हणजे कसल्या, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही.

अपघात झाला की मण्यांची तपासणी करायची असा करार होता. त्यासाठी पुण्याहून नौशीन मुजावर नावाची इंजिनिअर आली. मणी जे ऐकतात ते शिकण्यासाठी साठवून ठेवतात, हे संग्रामला ठाऊकच नव्हतं. नौशीननं त्याला समोर बसवलं आणि लॅपटॉप उघडला.

"बाहेर जे होतं ते आधी ऐका."

उत्पलाचा आवाज आला. घाई नाही, ओरडा नाही, स्वच्छ आणि ठाम. "सर, दोन नंबरचा काटा कालपासून चढतोय. अस्तर गेलंय. पुढचं लोखंड भरू नका, बसाप्पा तिथंच उभा असतो."

"आता तुमच्या कानात गेलं ते ऐका."

शेजारच्या खोलीत कुणीतरी नळ सोडून ठेवावा तशी गुणगुण. शब्द एकही नाही. आणि तिच्यावर जयदीपचा आवाज, सुस्पष्ट, अगदी कानाशी बोलल्यासारखा, "सर, ट्रकवाला घाई करतोय."

संग्रामच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. ते उतरल्याची पुढं त्याला फार लाज वाटली, पण त्या क्षणी उतरलं खरं. "म्हणजे दोष तुमच्या यंत्राचा!"

"आम्हालाही आधी तेच वाटलं," नौशीन म्हणाली. "म्हणून पहिल्या दिवसापासून तपासलं. सर, यंत्राला आडनाव कळत नाही, बाई-पुरुष कळत नाही. पहिल्या दिवशी त्यानं बनसोडेंचा आवाज तुम्हाला जयदीपइतकाच मोठा दिला होता. पण त्या बोलायला लागल्या, की दुसऱ्या वाक्याला तुमच्या लहरींचा ताल सुटायचा. दर वेळी सुटायचा. यंत्र ते शिकत गेलं."

"मुद्दाम नव्हतं हो ते."

"मुद्दाम की नकळत, हे यंत्र बघत नाही. ताल सुटला, एवढंच ते बघतं."

"आणि मणी नसते तर?"

"तर आवाज कानावर पडला असता. ऐकला गेला असता का, ते मी कसं सांगू?"

आणखी कोणाकोणाचे आवाज खाली गेलेत, असं त्यानं चाचरत विचारलं. तिनं काही तुकडे ऐकवले. बसाप्पा. कंत्राटावरची ओडिशाची पोरं. झाडलोट करणाऱ्या दोघी बायका, ज्यांची नावंसुद्धा त्याला माहीत नव्हती. वर गेलेले आवाज थोडेच होते, आणि ते सगळे त्याच्या घरी जेवायला येणाऱ्यांचे होते.

नौशीननं लॅपटॉप मिटला. उठता उठता ती म्हणाली, "कुलभूषण साहेबांशी तुमचं नंतर झालेलं बोलणंही त्यात होतं. मला सगळंच ऐकावं लागतं, सर."

संग्रामच्या कानशिलांतून आग निघाली. 'असल्या लोकांना.' ते दोन शब्द त्याला आता स्वतःच्या आवाजात, दुसऱ्या कुणाच्या कानांनी ऐकू आले. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण तोवर ती दाराबाहेर गेली होती.

घरी त्यानं शैलजाला सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटेल, ती त्याची समजूत काढील, असं त्याला वाटलं होतं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "यंत्रानं हे आता पकडलं होय?" आणि पुन्हा निवडू लागली.

कुलभूषण साहेब मात्र खूश होते. "संग्रामराव, सुटलो! यंत्रानं आवाज दाबला. तुम्ही खोटे नाही, बाईही खोट्या नाहीत. त्यांना परत घेऊ, वरची जागा देऊ. कारखाना निरीक्षकांची सुनावणी आहे त्यात एवढंच सांगायचं. जास्त खोलात शिरायचं नाही."

संग्राम 'बरं' म्हणाला. बसाप्पाला बघायला दवाखान्यात गेला तेव्हाही त्याच्या मनात हेच वाक्य तयार होतं. बसाप्पाच्या पायांवर जाळीचा तंबू केला होता. साहेब आले म्हणून तो उठून बसायची धडपड करू लागला.

"पडून राहा, पडून राहा."

"तुमी काय करनार साहेब," बसाप्पा म्हणाला, "मशीनच बिगडल्यावर? तुमाला आयकू आलं असतं तर तुमी भट्टी चालू ठेवली असती व्हय?"

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. संग्राम सोबत आणलेली सफरचंदं खाटेखाली ठेवून बाहेर आला, जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला, आणि तिथून थेट उत्पलाच्या घरी जायला निघाला.

ती इचलकरंजीत वडिलांसोबत राहत होती. वडील निवृत्त शिक्षक. "या सर, बसा," म्हणून त्यांनी खुर्ची पुढं केली आणि स्वतः उभे राहिले. संग्रामनं मणी काढून खिशात टाकले होते. रस्त्यानं जुळवलेली वाक्यं त्यानं एका दमात बोलून टाकली: चूक यंत्राची नाही, माझी आहे, मी तुम्हाला खोटं ठरवलं, मला माफ करा. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

उत्पलानं ते ऐकून घेतलं. मग ती बोलू लागली. माफीचं मी काय करू, अशी काहीतरी सुरुवात होती. संग्राम तिच्या चेहऱ्याकडं बघत होता, मान हलवत होता, आणि मनात सुनावणीचा विचार करत होता. तिथं उभं राहून हे सगळं कबूल करायचं म्हणजे केवढी छाती लागेल. नोकरी जाईल कदाचित. लोक काय म्हणतील. पण निदान एवढं तरी म्हणतील, की माणूस सरळ निघाला...

ती थांबली होती. उत्तराची वाट बघत होती.

खोली शांत होती. भट्टी नव्हती, क्रेन नव्हती, कानात काहीही नव्हतं. आणि ती काय म्हणाली ते त्याला ठाऊक नव्हतं.

आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. नौशीनसमोर वाटली ती या लाजेपुढं काहीच नव्हती. 'हो' म्हणून निभावून न्यावं असं क्षणभर मनात आलं. अशी निभावून नेलेली किती 'हो' मागं पडली असतील, हेही त्याच क्षणी मनात आलं.

"पुन्हा सांगाल?" तो म्हणाला. "माझं... लक्ष नव्हतं."

वडिलांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. उत्पला हसली नाही, रागावलीही नाही. ती फक्त दमलेली दिसली.

"भट्टी बंद करायचा अधिकार सुरक्षेच्या इंजिनिअरच्या हातात हवा," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "त्या जागेवर मी असेन किंवा दुसरं कुणी. तुम्हाला न विचारता. तुम्ही ऐकलं नाही तरी माणूस जगला पाहिजे. तुमच्या ऐकण्यावर मी आता काही सोडणार नाही, सर. एवढं करणार असाल तर करा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

"तुमचं म्हणणं सुनावणीत मांडतो," तो म्हणाला. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, असं वडील म्हणाले. चहा घेऊन तो निघाला.

सुनावणीला सगळे होते. निरीक्षकांनी यंत्राचा अहवाल वाचला आणि संग्रामकडं पाहिलं. "म्हणजे यंत्रानं आवाज दाबल्यामुळे सूचना तुमच्यापर्यंत पोहोचली नाही. बरोबर?"

कुलभूषण साहेब पुढच्याच खुर्चीत होते.

"यंत्रानं दाबला हे खरं आहे," संग्राम म्हणाला. "कोणाचा दाबायचा हे त्याला मी शिकवलं."

"हे तुमच्या विरोधात जाईल, इंगवले. नीट विचार करून बोला."

"विचार करूनच बोलतोय." मग तो थांबला नाही. भंगार वाळवायची सूचना कुणाची होती ते त्यानं सांगितलं, उत्पलाच्या घरी काय झालं ते सांगितलं, भट्टी बंद करायच्या अधिकाराची मागणी तिच्याच शब्दांत मांडली. आणि त्या भरात, मनावरचं सगळंच एकदा उतरवून टाकावं म्हणून, केबिनमध्ये आपण काय म्हणालो होतो तेही सांगून बसला. असल्या लोकांना डोक्यावर बसवलं, की...

ते त्यानं उच्चारलं आणि उत्पलाकडं पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझून गेलं. मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या वडिलांनी चष्मा काढला आणि रुमालानं हळूहळू पुसत राहिले. आपण हलके झालो ते यांच्या अंगावर ओझं टाकून, हे संग्रामला तेव्हा कळलं. शब्द परत घ्यायची आता सोय नव्हती. आपल्या प्रामाणिकपणाचं त्याला जे कौतुक वाटू लागलं होतं, ते तिथल्या तिथं नासून गेलं.

निकाल लागायचा तसा लागला. मणी कारखान्यातून गेले. साधे, न शिकणारे कानरक्षक आले. उत्पलाला मानानं परत बोलावलं आणि तिच्या टेबलाशेजारी भिंतीवर भट्ट्या बंद करायची कळ बसली. संग्रामची बदली माल पाठवण्याच्या विभागात झाली, दोन पायऱ्या खाली. कुलभूषण साहेब समोरून आले तरी बघेनासे झाले. त्याच्या जागी जयदीप आला. उत्पला दिसली की 'नमस्कार सर' म्हणे, त्यापलीकडं काही नाही, आणि त्यापलीकडं काही मागायचा आपल्याला हक्क नाही हे संग्राम ओळखून होता.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. दुपारी तो गोदामात पेट्या मोजून घेत होता, तेव्हा अचानक कारखान्याची घरघर बसली. आधी एक भट्टी, मग दुसरी. पंख्यांचा आवाज तेवढा उरला. पेट्या उचलणारी माणसं हात थांबवून बघू लागली.

'आता काय केलं हिनं!'

हा विचार त्याच्या मनात आला. आधी हाच आला; भट्टीजवळ कोण असेल, सगळे धड आहेत ना, हे नंतर. आपलाच हात दुसऱ्याच्या खिशात सापडावा तसा त्यानं तो विचार पकडला. आजूबाजूला कुणाला काही कळलं नव्हतं. तरी त्याची मान आपोआप खाली गेली.

फोन वाजला. जयदीप होता, चिडलेला. "सर, बनसोडे मॅडमनी दोन्ही भट्ट्या बंद केल्या! ऐन ऑर्डरच्या वेळी! तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी, तुम्हाला मानतात त्या."

"माणसं ठीक आहेत ना?"

"हो, माणसांना काय झालंय?"

"मग का बंद केल्या, ते विचारलंस का?"

"सांगत होत्या काहीतरी."

"काय सांगत होत्या?"

थंड होणाऱ्या भट्टीची बारीक कडकड तेवढी फोनमधून ऐकू येत होती.

"जयदीप," संग्राम म्हणाला, "काय सांगत होत्या?"